ताटातली भाकरी आणि टाकीतला ऊस

दिवाळीच्या अंकात शेतीवर लिहिणे म्हणजे फराळाच्या ताटात भाकरी वाढण्यासारखे आहे, असे आमच्या संपादकांचे मत आहे. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. तरीही वाचकहो, वर्षभर या सदरातून आपला जो घरोबा जमला आहे, त्याच्या जोरावर यंदा मी ते धाडस करणार आहे. आपण शहरातली मध्यमवर्गीय माणसे. शेती सुटली ती आजोबांच्या वेळीच, असे आपण सहज बोलून जातो. पण मला विचाराल तर ती सुटलेली नाही. रोज निदान दोनदा ती आपल्याला भेटते : एकदा जेवणाच्या ताटात आणि एकदा स्कूटरच्या टाकीत.

ताटाचे कुणालाही पटेल. टाकीचे काय, ते आधी सांगतो.

आपण पंपावर जाऊन जे पेट्रोल भरतो ते आता निव्वळ पेट्रोल नसते. त्यात इथेनॉल म्हणजे मद्यार्क मिसळलेला असतो. २०१३-१४ साली हे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. जून २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर गेले आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर. म्हणजे एका लिटरात सुमारे दोनशे मिलिलिटर इथेनॉल. ते जमिनीखालच्या तेलातून नव्हे, जमिनीवरच्या पिकांतून येते : ऊस, मका आणि तांदूळ. पेट्रोलच्या मानाने त्यात लिटरमागे सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी असते. तेव्हा गाडीचा अ‍ॅव्हरेज किंचित उतरला, तर प्रत्येक वेळी मेकॅनिकवर रागावू नये!

या योजनेला नावे ठेवायला मी बसलेलो नाही. परदेशातून तेल आणण्यात देशाचा फार पैसा जातो. तो काही अंशी वाचतो. शिवाय साखर पडून राहिली की कारखान्यांची देणी थकत आणि शेतकऱ्याचे पैसे अडकत, त्यालाही इथेनॉलमुळे एक वाट मिळाली. हे सारे चांगलेच झाले. पण घरात एका मुलाचे फार कोडकौतुक झाले की दुसरे मुकाट्याने वाळत जाते, हे दोनचार मुलांच्या घरात वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. ऊस आणि ज्वारी यांची गोष्ट थोडीफार अशीच आहे.

आणि ही भावंडे मी केवळ उपमेसाठी म्हणत नाही. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ऊस आणि ज्वारी खरोखरच एका गवतकुळातली, जवळच्या नात्यातली आहेत. कोइमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र निघाले. तिथे बार्बरसाहेब आणि त्यांच्यानंतर सर टी. एस. वेंकटरामन यांनी जाड, रसाळ उसाचा संकर नदीकाठी वाढणाऱ्या रानटी काशाच्या गवताशी केला. शरद ऋतूत पांढरे तुरे डोलवणारे ते काश. त्या काटक गवताचे रक्त उसात आले आणि १९१८ साली 'को २०५' हे वाण शेतात गेले. याच वेंकटरामन यांनी १९३० नंतरच्या काळात उसाचा ज्वारीशीही संकर करून पाहिला. उसाला शेतात वर्षभर राहावे लागते, ज्वारी चार-साडेचार महिन्यांत हातात येते. तेव्हा तिची घाई उसाच्या अंगी आणता येईल का, हा त्यांचा विचार होता. रोपे आली, पण शेतकऱ्याच्या बांधावर मिरवील असे वाण त्यातून निघाले नाही. भावंडे पुन्हा आपापल्या वाटेने गेली.

उसाच्या वाटेवर पुढे राजमार्ग झाला. अहमदनगर जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात तिथे ऊस गाळला गेला. त्यानंतर महाराष्ट्रात कारखान्यांची रांगच लागली. संशोधनासाठी पाडेगावचे केंद्र १९३२ पासून होतेच. १९७५ साली मांजरीची संस्थाही निघाली, तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. २००० साली कोइमतूरचे 'को ८६०३२' हे वाण प्रसारित झाले आणि ते महाराष्ट्राच्या उसाचा कणा बनले. ठिबक आले. आता तर बारामतीकडे उसाच्या फडात संवेदक बसवून, पाणी कधी आणि खत किती हे संगणकाच्या कृत्रिम बुद्धीला विचारण्याचे प्रयोग चालले आहेत. एका पिकासाठी विद्वान, सरकार, बँका आणि पुढारी असे एकदिलाने राबल्याचे दुसरे उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

पण या सर्वांपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. उसाला गिऱ्हाईक ठरलेले आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्याने ऊस घेतल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि भावाची किमान रेषा केंद्र सरकार आखून देते. पैसे दरवेळी चौदा दिवसांत मिळतात असे नव्हे. त्यासाठी आंदोलने होतात. पण आंदोलन कुणाच्या दारात करायचे, एवढे तरी उसवाल्याला ठाऊक असते. ज्वारीवाल्याने कुणाच्या दारात बसावे?

मंगळवेढ्याकडचे माझे एक स्नेही आहेत, वयाने वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. काळ्याभोर जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी पिकवलेले हे घर. त्यांच्या गावाकडच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मी त्यांचे अभिनंदन केले होते. पुढे एकदा बोलता बोलता त्यांनी ज्वारीचे क्षेत्र निम्म्यावर आणल्याचे सांगितले. मी म्हटले, "अण्णा, तुम्हीसुद्धा?"

अण्णा हसले. म्हणाले, "पाव्हणं, उसाला कारखाना हाय, कारखान्याला संचालक हायती, संचालकाला निवडणूक हाय. जवारीला काय हाय? पाखरं!"

मग थोडे थांबून म्हणाले, "तुम्ही पुण्याची माणसं वर्षाला भाकरी किती खाता ते सांगा. मग मी किती पेरू ते सांगतो."

त्या प्रश्नावर मी गप्प राहिलो, कारण त्याचे उत्तर आपल्या घराघरांतून यायचे आहे. त्याकडे वळण्यापूर्वी थोडा जमाखर्च मांडू.

१९६०-६१ साली, म्हणजे महाराष्ट्र राज्य झाले त्या सुमारास, राज्यात बासष्ट लाख हेक्टरांहून अधिक जमिनीवर ज्वारी उभी होती. आता ती त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी उरली आहे. खरिपातली ज्वारी सोयाबीनने आणि कपाशीने उचलली. रब्बीतली जिथे पाणी पोचले तिथे उसाने, कांद्याने. यात शेतकऱ्याचा दोष मला दिसत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के उताऱ्याच्या उसाला टनाला ३,५५० रुपये किमान भाव ठरला. एकरी पस्तीस टन ऊस धरला तर सव्वा लाखाच्या घरात रक्कम जाते. तोडणी-वाहतूक, खत, पाणी आणि बारा-पंधरा महिने शेत अडकून पडणे हे त्यातून वजा करा. उलट मालदांडी ज्वारीचा त्याच वर्षाचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये. कोरडवाहू रानात एकरी पाच क्विंटल धरली, तर पावणेएकोणीस हजार आणि वर कडबा. बरे, हमीभाव जाहीर झाला तरी ज्वारी घेणारी सरकारी केंद्रे थोडी. तिथवर माल नेईपर्यंत व्यापारी दारात उभा असतो. शिवाय रब्बीची ज्वारी हाताने उपटून काढायची, पाखरे राखायला माचीवर उभे राहून गोफण फिरवायची. गावात आज त्या कामाला माणूस मिळत नाही.

शास्त्रज्ञांनी ज्वारीसाठी काहीच केले नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या केंद्रावर, स्वातंत्र्याच्या पूर्वीच, गावठी मालदांडीतून निवडून काढलेले 'एम ३५-१' हे वाण आजही रब्बीत पेरले जाते. एवढे दीर्घायुषी वाण दुसऱ्या पिकात शोधून सापडणे कठीण. १९६४ साली 'सीएसएच-१' हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. त्याने उत्पन्न भरघोस दिले, पण तो लवकर तयार होई. कणसात दाणा भरतो न भरतो तोच परतीचा पाऊस गाठी, आणि दाणा बुरशीने काळा पडे. अशी काळी ज्वारी माणसाऐवजी कोंबड्यांच्या खाद्याकडे आणि मद्यार्काच्या भट्टीकडे गेली. आपल्या मराठीत 'हायब्रीड' हा शब्द चव गेलेल्या वस्तूला आणि क्वचित नव्या पिढीलाही लावतात. ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात रेशनवरची लाल मिलो खाल्ली, त्यांच्या जिभेची तक्रार तर आणखी निराळी.

आता पाण्याचा हिशेब. केंद्रीय कृषिमूल्य आयोगाने काही वर्षांपूर्वी दाखवून दिले होते की, महाराष्ट्रात लागवडीच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे जवळजवळ सत्तर टक्के पाणी पितो. २०२१ साली नीती आयोगाच्या अहवालात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी धरलेले आहे. समजा, आपल्या घरच्या स्कूटरला महिन्याला वीस लिटर पेट्रोल लागते. त्यात इथेनॉल चार लिटर. ते सगळे उसाचे असेल तर पाणी झाले साडेअकरा हजार लिटर. आमच्या सोसायटीत एप्रिल-मे महिन्यांत येणारा टँकर दहा हजार लिटरचा असतो आणि त्यावरून जिन्यात भांडणे होतात. रब्बीची ज्वारी मात्र बहुधा कालव्याचे पाणी मागत नाही. भाद्रपद-आश्विनात पेरायची, जमिनीने पोटात धरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दहिवरावर ती वाढते. मार्गशीर्ष-पौषात हुरडा देते, आणि माघ-फाल्गुनात दाणा व कडबा. माणसालाही अन्न आणि बैलालाही.

पाणी आटले की काय होते, तेही आपण नुकतेच पाहिले. २०२३ साली पावसाने दगा दिला. साखर कमी पडेल या भीतीने डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास बंदी घातली, आठवड्याभरात ती सैल करून १७ लाख टन साखरेपुरती मर्यादा ठेवली, आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस निर्बंध उठवले. मधल्या काळात इथेनॉलचा भार मक्यावर पडला. मका महागला. मका हे कोंबड्यांचे मुख्य खाद्य. तेव्हा कुक्कुटपालनवाले ओरडू लागले. एके काळी मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशाला तो बाहेरून आणावा लागला. मक्यातून मद्यार्क काढल्यावर जो प्रथिनांचा चोथा उरतो, तो स्वस्त पशुखाद्य म्हणून बाजारात आला. त्यामुळे सोयापेंडीची मागणी घटली आणि इतर कारणांबरोबर याचाही फटका मराठवाड्या-विदर्भातल्या सोयाबीनवाल्याला बसला. स्कूटरच्या टाकीतून निघालेला धागा ओढत गेलो, तर तो अंड्यातून जाऊन लातूरच्या आडत बाजारात निघतो!

म्हणून मला अलीकडच्या ज्वारीच्या कामाचे फार महत्त्व वाटते. २०१८ साली परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या साहाय्याने 'परभणी शक्ती' नावाचे वाण दिले. साधारण ज्वारीत किलोला तीस मिलिग्रॅम लोह असते, यात पंचेचाळीसच्या आसपास. जस्त वीसाच्या जागी बत्तीस. औषधाची गोळी न देता भाकरीतूनच चार कण अधिक पोटात जावेत, हा विचार. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तर गृहिणीच्या मनातले ओळखल्यासारखी वाणे काढली आहेत : हुरड्यासाठी 'फुले उत्तरा', लाह्यांसाठी 'फुले पंचमी', पापडांसाठी 'फुले रोहिणी'. नागपंचमीला लाह्या फुटत नाहीत म्हणून हळहळणाऱ्या आजीबाईंनी हे नाव जरूर टिपून ठेवावे.

आणि फलटणला निंबकरांच्या संस्थेने १९७० च्या दशकापासून गोड ज्वारीवर जे काम केले, ते तर आजच्या आपल्या विषयाच्या मुळाशीच जाते. वर कणसात दाणा आणि खाली ताटात उसासारखा गोड रस! चार महिन्यांचे पीक. दाण्याची भाकरी, रसाची काकवी किंवा मद्यार्क, चोथ्याचा चारा. अन्न की इंधन या भांडणात एकाच ताटाने दोन्ही बाजूंना समजावण्यासारखे हे आहे. मग ते सर्वत्र का झाले नाही? अडचणी खऱ्या आहेत. कापणीनंतर रस लवकर आंबतो, म्हणून शेताजवळच गाळावा लागतो. ताट योग्य गोडीवर असते ते दिवस मोजके. आणि कारखान्याची चक्रे उसाच्या हंगामावर बसवलेली. वर्षभर नियमाने माल हवा असणाऱ्या धंद्याला असे हळवे पीक परवडत नाही. पुन्हा गोष्ट तिथेच येते. बियाणे तयार आहे, माहिती तयार आहे. वाट पाहतो आहे तो घेणारा.

घेणारा म्हणजे केवळ सरकार आणि कारखानदार नव्हेत. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. ज्वारीची बिस्किटे निघाली, डोसे निघाले, चकचकीत पाकिटे निघाली. काही पाकिटांवरची किंमत पाहून मला वाटले, गरिबाची भाकरी म्हणून जिला आपण पाहुण्यांपुढे ठेवायला लाजत होतो, तिने आता बरोबर सूड घेतला! गेल्या काही वर्षांत कितीदा तरी चांगली मालदांडी गव्हाहून महाग झालेली मी आमच्या वाण्याकडे पाहिली आहे. पण पाकिटातले पीठ हा ज्वारीचा खरा मार्ग नाही, हे भाकरी थापणाऱ्या बाईला शास्त्रज्ञाइतकेच ठाऊक असते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही. पीठ जुने झाले की ते विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, आणि चवीला कडसर लागते. दाणा मात्र नीट वाळवून ठेवला तर महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून ज्वारी विकत घ्यावी दाण्याने, आणि दळावी आठ-दहा दिवसांपुरती.

इथे आमच्या घरातल्या मंडळींनी हा मजकूर वाचून एक आक्षेप घेतला : "लिहायला काय जाते! थापायची कुणी?" आक्षेप रास्त आहे. नोकरीहून दमून आलेल्या बाईने रात्री पुन्हा परातीपुढे बसावे, असा उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. पण थापणे हे काही केवळ बायकांच्याच हातात देवाने घातलेले नाही. गरम पाण्यात पीठ मळून घेतले तर पुरुषाच्या हातालाही ते दोन आठवड्यांत जमते. शिवाय गल्लोगल्लीच्या पोळीभाजी केंद्रांतून आता भाकरीही मिळते. ती चालवणाऱ्या भगिनींच्या संसाराला त्याने हातभारच लागेल.

ऊस पिकवणाऱ्याला शहाणपण शिकवणे सोपे आहे, कारण तो दूर आहे. त्याने ऊस लावला तो लोभाने नव्हे. एवढ्या अनिश्चित धंद्यात एकच गोष्ट निश्चित दिसली म्हणून. त्याला दुसरी निश्चिती दाखवल्यावाचून त्याने ऊस सोडावा असे म्हणणे, म्हणजे बुडत्याला हातातली फळी टाकून दे म्हणण्यासारखे आहे. दुसरी निश्चिती दाखवण्याचे काम सरकारने खरेदी केंद्रांतून करावे, शाळांच्या पोषण आहारातून करावे. आणि आपल्यापुरते आपणही करावे.

आपल्या आईच्या काळी उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरून ठेवण्याची पद्धत होती. फ्लॅटात पोत्यांना जागा नाही हे मान्य. पण एका सोसायटीतल्या दहा कुटुंबांनी मिळून, फाल्गुन-चैत्रात, सोलापूर-नगर-मराठवाड्यातल्या एखाद्या शेतकऱ्याकडून किंवा त्यांच्या गटाकडून चार-पाच क्विंटल ज्वारी थेट घ्यायला काय हरकत आहे? भाव दोघांच्या संमतीने ठरवावा, आणि ठरवावा तो पेरणीच्या आधी, म्हणजे भाद्रपदात. चार जणांच्या घरात आठवड्यातून तीन रात्री भाकरी झाली, तर वर्षाला पन्नासएक किलो ज्वारी सहज लागेल. दहा घरांची झाली पाच क्विंटल : अण्णांचे एक एकर रान!

यंदाची रब्बी ज्वारी आता शेतात उगवून वर आली असेल. तिचे गिऱ्हाईक अजून ठरलेले नाही. दिवाळीच्या फराळाने तोंड गोड झाल्यावर चारपाच दिवसांनी जिभेला काहीतरी साधे, खरपूस हवेसे वाटते, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना हा विषय काढून पाहावा. कुणी तयार झाले तर मला जरूर कळवा. अण्णांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले आहे.